हात पुढे केले की दिसणारी गाठ

माझ्या शिवणाला नाव ठेवलेलं मला खपत नाही. स्वयंपाकाला ठेवा, रंगाला ठेवा, माहेराला ठेवलं तरी एक वेळ ऐकून घेईन. पण ब्लाउज बिघडला असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. धाड गावात बसस्टँडमागच्या गल्लीत मी बावीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवते आहे. या बावीस वर्षांत शिवलेला ब्लाउज परत घेऊन आलेल्या बायका मी बोटांवर मोजून दाखवीन. त्यातल्या दोघी तर चुकून दुसरीचाच घेऊन गेल्या होत्या.

तर दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या सासूने तिचा पांढरा ब्लाउज माझ्या मशीनवर आणून आपटला. सासूला मी आत्याबाई म्हणते. पांढरा ब्लाउज म्हणजे विहारात घालायचा. आम्ही बौद्ध, पौर्णिमेला आणि रविवारी वंदनेला जाताना बायका पांढरं नेसतात. आत्याबाईची पांढरी साडी आणि पांढरा ब्लाउज घडी घालून वेगळ्या पिशवीत असतो, त्याला आम्ही हातही लावायचा नाही.

"हे पाय," ती म्हणाली. "दोन डाव घातला नाही तं उसवला. तुहा हात बिघडला आता."

उजव्या काखेखाली, पाठीच्या अंगाला, चार बोटं शिवण गेली होती. दुहेरी शिलाई मारलेली जागा. मी ब्लाउज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "तुम्ही जाड झाल्या आत्याबाई."

"मी? माह्यी हाडं दिसून राह्यली आन मी जाड?"

ते खरंच होतं. सत्तरीला टेकलेली ही बाई इतकी किडकिडीत आहे की तिच्या ब्लाउजला कापड निम्मंच लागतं. तरी मी हट्टाने टेप काढला. आत्याबाई भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून, शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहिली. माप वहीत होतं तेच निघालं, एका सुताचाही फरक नाही. मी विजयी मुद्रेने वही तिच्या नाकापुढे धरली. तिने ती वाचलीही नाही.

दुसरा ब्लाउज मी अर्धा इंच सैल शिवला. तिसऱ्या रविवारी तोही त्याच जागी गेला. मग तिसरा शिवला, त्याला शिवण टिकली पण शेजारचं कापडच फाटलं. आता मात्र आमचं चांगलंच जुंपलं. मी म्हणायची, तुम्ही धुताना पिळता राक्षसासारखं. ती म्हणायची, तू माप घेते गिऱ्हाइकाचं आन शिवते आपल्या मनाचं.

आमचं हे भांडण ऐकून एखाद्याला वाटेल की या घरात फार बेबनाव आहे. तसं काही नाही. माझं मशीन खिडकीशी, आणि माझ्यासमोर पोतं टाकून आत्याबाई बसलेली. मी शिवते, ती हुक लावते. दिवसाचे आठ तास आम्ही एकमेकींसमोर असतो, आणि त्यातले सहा तास वाद घालतो. कोथिंबीर देठासकट घ्यावी की नाही, यावर आम्ही एकदा दोन दिवस भांडलो होतो. नवरा धाड ते बुलडाणा जीप चालवतो. तो संध्याकाळी येतो, आमच्या दोघींकडे एकदा बघतो आणि मोबाईल काढतो.

त्याच दिवसांत तिने मला एक गोष्ट सांगितली होती. "हात पुढं केला का पाठीत काहीतरी कट् वाजते वं."

आणि मी मशीनवरून मान वर न करता म्हणाले होते, "वय झालं. हाडं वाजनारच."

या वाक्याने मला पुढे फार छळलं. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

ब्लाउजचा गुंता सुटला तो विहारात. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले दिवस होते, विहारात रोज ग्रंथवाचन चालू होतं आणि रविवारी सकाळी वंदनेला गर्दी. आत्याबाई सर्वांत पुढे असते, कारण वंदना तीच सांगते आणि बाकीच्या मागून म्हणतात. त्रिसरण-पंचशील झालं की तीनदा पंचांग प्रणाम. म्हणजे गुडघे टेकायचे, दोन्ही हात पुढे जमिनीवर पसरायचे आणि कपाळ जमिनीला लावायचं. त्या वेळी सगळ्यांचीच डोकी खाली असतात, त्यामुळे कोण कसं वाकलं हे कुणालाच दिसत नाही. एकीला सोडून. आमच्या गल्लीतली निवृत्त अंगणवाडीबाई प्रणामातही एक डोळा उघडा ठेवते. कुणाच्या साडीचा फॉल सुटला, कुणाच्या टाचा फुटल्या, तिला सगळं ठाऊक असतं. या सवयीपायी मी तिला आयुष्यभर नावं ठेवली. आता ठेवत नाही.

बाहेर चपला घालताना तिने मला बाजूला घेतलं. "तुह्या सासूच्या पाठीवर काय हाये वं?"

"काय हाये?"

"खाली वाकली का उजवीकडं पेरूएवढं काहीतरी वर येते. उठली का जाते. मी तिन्ही डाव पाह्यलं."

घरी येऊन मी दार लावलं आणि आत्याबाईला ब्लाउज काढायला लावला. पाठ सपाट. हाडं, फासळ्या, जुन्या खरजेचा एक डाग, बाकी काही नाही. मी दाबून पाहिलं, चिमटीत धरून पाहिलं. माझा जीव भांड्यात पडला. अंगणवाडीबाईला आता काय काय बोलायचं, हे मी मनात जुळवायलाही लागले.

"वाकून दाखवू का?" आत्याबाई म्हणाली, आणि तिने तिथेच फरशीवर हात पसरले.

आली. खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी कातडीखालून काहीतरी हळूच सरकून वर आलं. तिने हात मागे घेतले, गेलं. पुढे केले, आलं. आम्ही चार-पाच वेळा करून पाहिलं. मग मी तिला वाकलेलंच राहायला सांगून त्यावर बोट ठेवलं. टणक होतं. बोटाने ढकललं तर सरकेना, फासळ्यांना धरून बसल्यासारखं. दुखतं का विचारलं तर म्हणाली, नाही दुखत. दुखत नाही आणि सरकत नाही अशी गाठ वाईट, हे मी दहा गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेलं.

आत्याबाई मात्र उठून बसली ती हसतच. "अवो, मंग माहा ब्लाउज याच्यानं फाटत होता म्हना! तुह्या हाताचा दोष नाही बाप्पा. उगीच बोलली मी तुले."

माझ्या लग्नापासून पहिल्यांदाच तिने माघार घेतली होती. मला त्या माघारीचा आनंद काही घेता आला नाही.

गल्लीतली औषधं आधी झाली. कुणी चुना-गूळ लावायला सांगितलं, कुणी एरंडाचं पान बांधायला. अंगारे-धुपारे आमच्याकडे चालत नाहीत, पण चुना-गूळ हे औषध आहे असा आत्याबाईचा निकाल. तो वाळला की तिची पाठ खाजायची आणि मी लाकडी पट्टीने खाजवून द्यायची. आठ दिवसांनी गाठ तशीच होती, फक्त कातडी लाल झाली होती.

मग धाडच्याच डॉक्टरकडे गेलो. आत्याबाई स्टुलावर मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखी बसली. डॉक्टरने चाचपलं, त्याला काही लागेना. चरबी असेल, म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर, हिच्या अंगात चरबी असती तर मी दिवाळी केली असती. तो हसला, पण भला माणूस, त्याने सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली.

बुलडाण्याला सोनोग्राफीवाल्यांनी तिला पालथं निजवलं, हात टेबलावरून खाली लोंबते ठेवले, आणि बराच वेळ ते यंत्र एकाच जागी फिरवत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कपडा कापताना चूक झाली की शिंप्याचं तोंड जसं होतं, तसं ते तोंड मला वाटलं. रिपोर्ट इंग्रजीत. बाहेर जीपमध्ये नवऱ्याने एकेक अक्षर लावून त्यातला एक शब्द मोबाईलवर टाकला. वाचलं, आणि मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. जो माणूस जेवतानाही मोबाईल खाली ठेवत नाही त्याने तो उलटा ठेवला, यावरून मला जे समजायचं ते समजलं.

धाडच्या डॉक्टरने रिपोर्ट दोनदा वाचला. "गाठीला नीट कडा दिसत नाहीत," तो म्हणाला. "आत पसरल्यासारखी वाटते. कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. पण नाही असंही मला म्हणता येत नाही. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा, आणि उशीर करू नका."

आत्याबाई बाहेर बाकावर बसून एका अनोळखी बाईला ब्लाउजची हकिकत सांगत होती. आम्ही दोघांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. पाठीचा मोठा फोटो काढायचा आहे, एवढंच म्हणायचं. तिकडचा नंबर अकरा दिवसांनी लागला.

त्या अकरा दिवसांइतकी चांगली सून मी कधीच नव्हते. चहात साखर तिच्या मनासारखी. भाकरी पातळ. कोथिंबीर देठासकट. ती जे म्हणेल त्याला "हाव आत्याबाई". तिने म्हटलं टीव्ही मोठा कर, मी मोठा केला. तिने म्हटलं तुह्या माहेरच्या लोकांना वरण करता येत नाही, मी म्हटलं, हाव आत्याबाई, नाहीच येत. नवरा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

एक दिवस तिने एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला सगळे हुक उलट्या बाजूला लावले आणि माझ्यासमोर धरले. "पाय बरं, जमलं का?" इतर वेळी मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी म्हणाले, "छान झालं. राहू द्या." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ब्लाउज खाली ठेवला. दुपारी ती आडवी झाल्यावर मी ते हुक एकेक करून काढत बसले. काढता काढता मला रडू कोसळलं. मला भीती वाटत होती, साधी, उघडी भीती. ही बाई गेली तर समोरच्या पोत्यावर कोण बसेल, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. माझं लग्न झालं तेव्हा मला धड बटण लावता येत नव्हतं. हिनेच मला शिवणक्लासला घातलं, सुनेला कशाला शिकवते म्हणणाऱ्या बायकांना हिनेच गप्प केलं. आणि पाठ वाजते असं ती म्हणाली तर मी मान वर केली नव्हती.

संभाजीनगरला नवऱ्याच्या जीपनेच गेलो. जीपमध्ये आम्ही तिघंच, त्यामुळे ती फार रिकामी रिकामी वाटत होती. नवऱ्याला सवय अशी की रस्त्यात कुणी हात केला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. दोनदा थांबला. तिसऱ्यांदा आत्याबाई मागून ओरडली, "बे, मायले दवाखान्यात नेऊन राह्यला का सीट भरून राह्यला?"

दवाखान्यात तिला पाठीमागून बंद लावायचा हिरवा गाऊन घालायला दिला. तिने तो पाहून मला विचारलं, "हे कोनं शिवलं? काज बी नाही." तपासायला एक तरुण डॉक्टर होता. त्याने तिला स्टुलावर बसवलं, पाठ चाचपली, उजवीकडे, डावीकडे. त्यालाही काही लागेना. त्याने रिपोर्ट पुन्हा पाहिला.

"आजी, हाताला काही लागत नाही, पण रिपोर्टमध्ये आहे. म्हणजे खोल असणार," तो म्हणाला. "ॲडमिट करून घेऊ. सुई घालून लहानसा तुकडा काढू, तपासायला पाठवू."

"साहेब, ते असं नाही येत," आत्याबाई म्हणाली. "वंदना केली का येते."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "आत्याबाई, थांबा ना जरा, ते लिहून राह्यले." तो खरंच लिहीत होता. वय, वजन, शुगर आहे का, कुणाला आधी असा आजार. मी उत्तरं देत होते. तेवढ्यात मागे चपला सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तर आत्याबाई स्टुलावरून उतरली होती, चपला बाजूला जोडून ठेवल्या होत्या आणि त्या गार फरशीवर गुडघे टेकत होती.

डॉक्टर खुर्चीतून उडालाच. "अहो आजी! पाया नका पडू! आम्ही सगळं नीट करतो, तुम्ही उठा आधी!"

"तुह्या पाया नाही पडून राह्यली बाबू," फरशीकडे तोंड करून आत्याबाई म्हणाली. "माह्यी पाठ पाय."

गडबड ऐकून पडद्यापलीकडून एक मोठ्या डॉक्टरबाई आल्या. पांढरे केस, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी फरशीवरच्या म्हातारीकडे पाहिलं, मग तिच्या उघड्या पाठीकडे, आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. "तशाच राहा," त्या म्हणाल्या, आणि चक्क तिच्या शेजारी फरशीवर उकिडव्या बसल्या. त्यांनी गाठीवर हात ठेवला. "आता हात मागे घ्या. हं. परत पुढे. परत मागे. आणखी एकदा पुढे."

"तीन झाले," आत्याबाई म्हणाली. "आता उठते."

"एक मिनिट," डॉक्टरबाईंनी डाव्या बाजूला तीच जागा दाबली. "इथेही आहे. लहान आहे, पण आहे."

दुसरी गाठ! म्हणजे पसरलाच की. मी भिंत धरली. आणि डॉक्टरबाईंकडे बघते तर त्या हसत होत्या. मला इतका संताप आला! माझ्या घरचं माणूस फरशीवर आहे आणि ह्यांना हसू कसलं येतं?

"आजी, आयुष्यभर काय काम केलंत?" त्यांनी विचारलं.

"काय नाही केलं ते इचारा," आत्याबाई पदर सावरल्यासारखा गाऊन सावरत म्हणाली. "कापूस वेचला, निंदन केलं, इहिरीतून पानी शेंदलं, जात्यावर दळलं, दुसऱ्याचे मिरच्या-मसाले कुटले. आता सुनेचे हुक लावते, ते तं बसून खानं हाये."

डॉक्टरबाईंनी तरुण डॉक्टरला हाक मारली. "ही पुस्तकात एकदा वाचली असशील. आता हात लावून बघ." तो बिचारा गुडघ्यांवर बसला. आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. माझं तोंड पाहून त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या आधी माझ्या दंडाला धरून मला खुर्चीवर बसवून मगच बोलल्या. "मला ही कॅन्सरची गाठ वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर तुम्हाला घरी पाठवणार नाही. एमआरआय करू. सुई नंतर, लागलीच तर."

"पन दोन हायेत ना," मी म्हणाले.

"म्हणून तर मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. मला ते काही उमगलं नाही.

एमआरआयच्या त्या बोगद्यातून आत्याबाई बाहेर आली ती तक्रार करतच. आत कुणीतरी पत्रे ठोकतं म्हणाली. आम्ही नात्यातल्या एका घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बसलो. नवरा तीनदा चहा घेऊन आला, तिन्ही वेळा मी तो तसाच ठेवला.

डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर लावला आणि पेन्सिलने दाखवलं. ही पाती, ह्या फासळ्या, आणि मधे ही गाठ. चरबीचा एक थर, मग दोऱ्यांसारख्या चिवट मांसाचा थर, मग परत चरबी. मला ती गोधडी उसवून पाहिल्यासारखी दिसली. दोन्ही बाजूंना तशीच, एक मोठी, एक लहान. कॅन्सरची गाठ अशी जोडीने सहसा येत नाही, म्हणून काल त्यांना बरं वाटलं होतं. म्हाताऱ्या बायकांना, त्यातही हातांनी जड काम केलेल्यांना ही बऱ्याचदा होते, त्या म्हणाल्या. का होते ते नक्की सांगता येत नाही. पात्याखाली लपून बसते आणि हात पुढे केले की बाहेर येते. कडा नसतात, हाडाला धरून असते, म्हणून वरवर पाहिलं तर कॅन्सरसारखीच भासते. दुर्मीळ असल्याने चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. काही ठिकाणी तर कॅन्सर समजून भलंमोठं ऑपरेशन होऊन जातं. कॅन्सर मात्र ही नाही, आणि कॅन्सर होतही नाही. नाव सांगितलं, इलॅस्टोफायब्रोमा.

मी ऐकत होते, आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला रुमालही सापडेना. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मंग कापाचं नाही?" आत्याबाईने विचारलं.

"नाही. पुढे फार दुखायला लागली तर बघू."

"सुई?"

"नको."

"गोळ्या तरी?"

"गोळ्याही नाहीत. वर्षाने एकदा दाखवून जा."

"मंग एवढ्या दुरून आलो कायले?" आत्याबाई म्हणाली. तिचा खरंच हिरमोड झाला होता. मग जरा थांबून तिने विचारलं, "वंदना केली तं चालते ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज करा.

निघताना तो तरुण डॉक्टर लाजत लाजत आला. विद्यार्थ्यांना दाखवायला पाठीचा एक फोटो काढला तर चालेल का, तोंड दिसणार नाही. "निसत्या पाठीचा कायचा फोटो?" आत्याबाई म्हणाली. "तोंड बी घे. पोरांले समजू दे कोनाची हाये." त्याने तिला दवाखान्याचे नियम समजावून सांगता सांगता घाम पुसला.

परतीच्या वाटेवर शहर संपलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी आत्याबाईवर तुटून पडले. इतके महिने कट् कट् वाजत होतं तर धरून का नाही बसल्या? मी एकदा नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं? ब्लाउजसाठी गल्ली गोळा करता, आणि पाठीसाठी तोंड उघडत नाही? अकरा दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि तुम्ही म्हणता आलो कायले? मी बोलत होते आणि रडत होते. नवऱ्याने आरसा दुसरीकडे वळवला.

आत्याबाई मांडी घालून ऐकत होती. तिच्या तोंडावर हळूहळू समाधान पसरत गेलं. माझं संपल्यावर म्हणाली, "हाव. आता बरं वाटलं."

"काय बरं वाटलं?"

"मले समजलंच होतं, मोठी बिमारी हाये म्हनून. तू माहेरच्या वरनावरून बी भांडली नाही तवाच समजलं. मंग हुक उलटे लावून पाह्यले. तू छान म्हनली. तवा पक्कं झालं का आपलं काही खरं नाही."

मी थक्क झाले. "मंग बोलल्या काऊन नाही? भ्या नाही वाटलं?"

"मराचं कायचं भ्या? सत्तर झाले. मले घोर दुसराच होता." तिने पुढच्या सीटकडे हनुवटी केली. "हा घरी आला का मोबाईलात घुसते. गिऱ्हाइकापुढं तुह्या तोंडात साखर. मनातलं बोलते ते माह्यासंगच, ते बी वरडून. मी मेली तं हे पोरगी वरडन कोनावर, हाच घोर लागला होता मले."

पुढे रस्त्यात कुणीतरी हात केला, पण नवऱ्याचा पाय ब्रेकवर गेला नाही. मी तोंड उघडलं. या बाईचं एकही वाक्य मी आजवर उत्तराशिवाय जाऊ दिलेलं नाही. हे मात्र जाऊ दिलं. मी तिचा सुईने टोचून टोचून कडक झालेला हात नुसता धरून बसले.

"बोल ना वं," आत्याबाई म्हणाली.